भांबुर्ड्याची झडती

पोपटी म्हणजे काय, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भरायची, तळाला आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं शेतात उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. एवढं मी सांगितलं. त्या पाल्यापायी एकदा आमच्या गाडीची झडती झाली होती, ते राहून गेलं.

वर्षअखेरीचे दिवस होते. नेऱ्याकडच्या फार्महाउसांवर पार्ट्या चालतात म्हणून त्या रस्त्यावर भर दुपारीही नाकाबंदी होती. मी नेऱ्याच्या मैत्रिणीकडून परतत होते. भाड्याची गाडी चालवणारा विचुंब्याचा कोकणी मुसलमान तरुण नेहमीचाच, मला काकू म्हणायचा. त्याची कतारला नोकरी ठरली होती, फक्त पोलीस क्लिअरन्सचा दाखला यायचा होता. त्याच्या नावावर साधी तक्रारही आली तर सगळं अडलं असतं.

फौजदारांनी लायसन्स आणि गाडीचे कागद पाहिले. मग म्हणाले, "डिकी उघड."

डिकीत मैत्रिणीने दिलेल्या शेंगा होत्या आणि गोणीभर भांबुर्डा. त्याचा वास उग्र. फौजदार बोलण्यावरून विदर्भाकडचे वाटले. ते वाकले आणि झटकन मागे झाले.

"हे काय आहे बाप्पा? गांजा?"

त्यांनी गोणीला हात घातला तशी मी खाली उतरले.

"साहेब, ही तपासणी की झडती?"

"एकच ना, मॅडम."

"एक कसं? कागद पाहिलेत ती तपासणी. गोणी उघडायची तर झडती. तिचं कारण लिहावं लागतं आणि इथलेच दोन पंच लागतात."

माझे वडील वकिलांकडे कारकून होते; जे घडलं ते कागदावर यायलाच हवं, असं म्हणायचे. त्यांनी घरी आणलेले पंचनामे मी लहानपणी सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची. तेव्हापासून पंच हा शब्द डोक्यात बसलेला.

ड्रायव्हर माझ्या कानाशी आला. "काकू, अल्लाच्या वास्ते कायदा नका काढू. माझं नाव कुठल्या कागदावर नको."

फौजदार हसले. "पंच प्रतिष्ठित लागतात, मॅडम. या रानात कुठून आणू? तुम्हीच व्हा."

"मी गाडीतली. पंच त्रयस्थ हवा." चिंचेखाली नेहमी बसणाऱ्या दोन जावा शेंगा विकत होत्या. मी तिकडे बोट केलं. "त्या दोघी इथल्याच आहेत."

"त्या प्रतिष्ठित?"

"तुम्ही विचारून बघा."

त्या आल्या. थोरलीने गोणीत हात घालून पाला चुरगळला आणि फौजदारांच्या नाकाशी धरला. "साहेब, ह्यो भांबुर्डा हाय. बांधावर उगवतो. आमी पोपटीला घालतो."

"नक्की?"

"गांजा आसता तं आमी शेंगा इकत बसलो आसतो काय?" धाकटी म्हणाली.

फौजदारांनाही हसू आवरलं नाही. रुमालाने हात पुसत ते माझ्याकडे वळले. "लिहू का पंचनामा? तुम्हालाच पाहिजे होता."

लिहायला हवा, हे मला पटत होतं. झडती झाली होती, पंच हजर होते, काही सापडलं नाही हेही लिहिण्यासारखंच होतं. ड्रायव्हर डिकीच्या झाकणाला धरून नुसता माझ्याकडे बघत होता.

"नको," मी म्हणाले.

विचुंब्याचा फाटा आला. तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "तुमचा कायदा बरोबर असेल, काकू. पण मघाशी डिकीत माझी नोकरी होती."

घरी येऊन मी वडिलांचं कायद्याचं जुनं इंग्रजी पुस्तक काढलं. कारण लिहिण्याचं आणि पंचांचं माझं बरोबर होतं. पण एक गोष्ट काही सुटेना. खरोखर संशय आला तर झडती घेता येते, आणि नवख्या माणसाला त्या वासाचा संशय यावा हे मी समजू शकते. पण वास आला डिकी उघडल्यावर. मग ती उघडायला लावली कशाच्या जोरावर? आणि माझ्या ड्रायव्हरने मुकाट्याने उघडली, ती संमती म्हणायची की भीती? ओळखीच्या दोन वकिलांना विचारलं, त्यांनी दोन उत्तरं दिली.

पुढच्या महिन्यात तो दाखला दाखवायला आला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. जुन्या सवयीने मी तो दोनदा वाचला. त्यात त्या दुपारची एक ओळही नव्हती. मला हायसं वाटलं. माझ्या वडिलांना मात्र ते आवडलं नसतं.