हिरव्या टँकरला मारलेला निळा रंग

पाण्याच्या ठेकेदाराने मला फसवलं. पुसदमध्ये सांडपाणी शुद्ध करून त्यावर रस्त्याच्या दुभाजकांमधली झाडं जगवायची, म्हणून त्याने माझा टँकर भाड्याने घेतला. भाड्यावर मी भांडलोच, पण त्याहून जास्त एका अटीवर अडून बसलो. टँकर हिरवाच राहील आणि त्यावर ‘पाणी फक्त झाडांसाठी’ हे ठळक लिहिलेलं राहील. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचे टँकर निळे असतात आणि लोक रंग पाहूनच तोटीखाली गुंड, कळश्या लावतात.

मे महिन्यात नळ बंद पडले. टेकडीखालच्या वस्तीत मला एक निळा टँकर उभा दिसला. त्याच्या तोटीजवळचा पोचा मी लगेच ओळखला, कारण तो माझ्याच हातून पडला होता. निळ्या रंगाखालून जुनी अक्षरं अजून दिसत होती. बायका पाणी भरत होत्या.

“ओतून द्या ते पाणी! झाडाचं आहे ते!” मी ओरडलो.

एक बाई म्हणाली, “भाऊ, वास तं कालपासूनच येऊन राह्यला. आम्हाले वाटलं, टाकी धुतली नसन. लेकरं पेली ना ते!”

मी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. तो थंडपणे म्हणाला, “तुम्हाले भाडं भेटून राह्यलं ना? मंग कायले बोंबलता?”

टँकर माझ्या नावावर आहे. वस्तीतली दोन लेकरं आता तापाने फणफणली आहेत. ठेकेदाराने त्या बायांसमोर यावं, त्याच तोटीखाली पेला धरून प्यावं आणि निळा रंग कोणी मारायला लावला, ते सांगावं.