नांगरून ठेवलेलं जहाज

कझाकस्तानच्या अक्ताऊ बंदरात बाहेरचं जहाज लागलं की शिडीवर पहिलं पाऊल कलमकासचं पडायचं. ती बंदराची डॉक्टर. तिने मान हलवल्याशिवाय खलाशी खाली उतरत नसत. कास्पियन समुद्रापलीकडे, अझरबैजानच्या किनाऱ्यावर, हेच काम तोफिग करायचा. दोघांची कधी गाठ पडली नव्हती, पण फोनवर जुनी ओळख होती. "खानम, तुमच्याकडचा वारा फोनमधूनसुद्धा झोंबतो हो!" अशीच त्याची सुरुवात असायची.

त्या सकाळी मात्र तो दबक्या आवाजात म्हणाला, "इथे खलाशांच्या एका वसतिगृहात माणसं दगावलीत. कॉलराच दिसतोय. साहेब म्हणतात, एवढ्यात बोलू नका. पण तिथे राहिलेली माणसं घेऊन एक जहाज तुमच्याकडे निघालंय."

जहाजाचं नाव कलमकासने पुन्हा एकदा विचारून घेतलं. तिचा धाकटा भाऊ येर्मुखान त्याच जहाजावर मेकॅनिक होता. आई अंथरुणाला खिळली होती, आज आहे उद्या नाही अशी गत. दार वाजलं की विचारायची, "आला का गं?"

कलमकासने जहाज बंदराबाहेरच नांगरायला लावलं आणि औषधं, सलाईन, पिण्याचं पाणी होडीत घालून स्वतः गेली. जहाजावरचा आचारी खाटेवर निपचित पडला होता, डोळे खोल गेलेले.

येर्मुखान आडवा आला. "अपके, ताई, मी ठणठणीत आहे. आईला बघतो नि उलट पावली येतो."

"तपासण्या होईपर्यंत कोणीही उतरणार नाही."

"उंबऱ्यातूनच बघेन गं! तुझ्या एका शब्दाचं तर काम आहे."

"म्हणूनच नाही म्हणते."

"ती तुझी कोणी नाही का?"

कलमकास खाटेकडे वळली. आचाऱ्याच्या हातात सुई घालायला वाकली, पण शीर काही लवकर सापडेना.

आपल्याकडच्या रोग्यांना कोणतं औषध लागू पडतंय, ते तोफिग रोज कळवत होता. त्यामुळे नंतर आजारी पडलेले दोन खलाशी वाचले. आचारी वाचला नाही.

आईही गेली. पुरुषमंडळींनी तिला मातीत ठेवलं, तेव्हा मुलगा तिकडे समुद्रात, डेकवर दुआ मागत ओंजळ पसरून उभा होता.

उतरण्याची मुभा मिळाली तसा येर्मुखान तडक कबरस्तानात गेला. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तो आला, पण कलमकासने चहाचा वाडगा पुढे ठेवताच उठून बाहेर गेला.

गावात एकालाही लागण झाली नाही. बाजारात बायका म्हणायच्या, "उगाच घाबरवलं! सख्ख्या भावाला आईचं तोंड बघू दिलं नाही."

काही दिवसांनी तिने पलीकडे फोन लावला. अनोळखी आवाज आला, "तोफिग आता इथे नाहीत. यापुढे काय ते लेखी कळवलं जाईल."

"ते बरे आहेत ना?"

फोन बंद झाला होता. खिडकीबाहेर पलीकडचं एक जहाज बंदराकडे वळत होतं. त्यावर काय आहे, ते सांगणारं आता कोणी नव्हतं. तिने हातमोजे चढवले आणि होडीकडे निघाली.