कोरडी पाठ

वामनभाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हिंगणघाटला एका दुकानदाराशी पंपाच्या नळीवरून हुज्जत घालत होतो. निरोप ऐकूनही दोन वाक्यं भांडतच राहिलो... मग नळी तिथेच टाकून निघालो. भाऊजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान आणि सिंदी मेघेतल्या आमच्या फवारणी पंपांच्या कारखान्याचे थोरले भागीदार. याला आता महिना होऊन गेला.

आणीबाणीच्या आसपास आम्ही टिनाच्या शेडमध्ये सुरुवात केली. भाऊजींच्या एका नियमापायी आमचे रोज खटके उडत. तयार पंपात निळीचं पाणी भरायचं, तो जोडणाऱ्यानंच पांढरी बंडी घालून पाठीवर घ्यायचा आणि अर्धा तास आवारात फिरायचं. बंडीवर निळा ठिपका दिसला की पंप पुन्हा उघडायचा. मी वैतागलो की म्हणत, "आपन पंप नाई इकत, मधू. फवारनाऱ्याची पाठ कोरडी राह्यते, ते इकतो." मला ते कीर्तन वाटायचं.

एका हंगामात कपाशीवर अळी पडली आणि हिंगणघाटच्या व्यापाऱ्याची मोठी मागणी आली. आदल्या साली माल पडून राहिला होता. ही मागणी हुकली असती तर कारखाना बंदच पडला असता. भाऊजी बाहेरगावी होते. गळती रोखणारे रबरी वायसर नवे होते, तपासायला सवड नव्हती... मी गाडी भरून सोडून दिली. संध्याकाळी भाऊजी परतले. उरलेल्यांतला एक पंप त्यांनी पाठीवर घेतला आणि बघता बघता बंडी कमरेपर्यंत निळी झाली. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

"गाडी कोनं सोडली?"

"म्या सोडली. नाईतर कुलूप लावा लागलं असतं."

त्यांनी फक्त ओली बंडी उतरवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही हिंगणघाट गाठलं. व्यापारी खवळला, पुन्हा दारात येऊ नका म्हणाला. सगळे पंप परत मिळाले, एक सोडून. तो वडनेरच्या एका शेतकऱ्याला विकला गेला होता. आम्ही शेतात पोचलो तर पंप पाठीवर आणि फवारणी निम्म्यावर! भाऊजी कपाशीच्या तासातून धावतच सुटले, "उतरव बावा, अगुदर उतरव!"

"काऊन जी, काय झालं?"

त्याचा सदरा विषारी औषधानं भिजून पाठीला चिकटला होता. भाऊजींनी विहिरीवर नेऊन स्वतःच्या हातानं साबणानं त्याची पाठ धुतली. दवाखान्यात तो उलट्या करत होता आणि मी, एरवी देवाला न मानणारा, नवस बोलत होतो. तो वाचला.

तो हंगाम आम्ही उसनवारीवर काढला. पण पुढच्या साली वडनेरची माणसं आपणहून कारखान्यावर आली, मग शेजारच्या गावांची. स्वस्त पंप विकणारे कितीतरी आले नि गेले, आम्ही टिकलो. तो व्यापारीही मुकाट्यानं परत आला.

परवा शोकसभेत आमचा जुना कामगार उठला. "भाऊनं जिनगानीत एकच चूक केली, ते गाडी सोडली. पन निस्तरली बी त्यायनंच." कारण वडनेरहून परतल्यावर भाऊजींनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "गाडी सोडाले म्याच सांगतलं होतं." तेव्हा मी खाली मान घालून उभा होतो. त्या कामगारानंतर बोलायची पाळी माझी होती. मी भाऊजींच्या कष्टांविषयी चार शब्द बोललो आणि खाली बसलो... गाडी मी सोडली होती. माझ्या बहिणीलाही ते आज, इथे वाचूनच कळेल.