सायबर शाखेच्या खोट्या मॅडम

माझी थोरली नणंद नटी आहे हे कळल्यावर माझं सगळं माहेर डोळ्यांत तेल घालून टीव्हीसमोर बसलं होतं. शेवटी ती दिसली, पण भिंतीवर. नायकाच्या मेलेल्या आईचा फोटो म्हणून. पुढेही कितीतरी वर्षं तसंच चाललं. कधी नर्स, कधी शेजारीण, आणि बहुतेक वेळा फोटो. स्टुडिओत तिला सगळे 'फ्रेमबाई' म्हणत. तीही हसून म्हणायची, "काम सोपं आहे. पाठांतर नाही, फक्त लटकायचं."

तरी रोज सकाळी गच्चीवर तिची आवाजाची तालीम चुकत नसे. माझा नवरा चिडवायचा, "ताई, फोटोला आवाज कशाला लागतो?"

"उद्या फोटोला बोल म्हणाले तर ऐन वेळी पंचाईत नको."

आणि तसंच झालं. सायबर गुन्ह्यांवरच्या एका नव्या मालिकेसाठी ती अशीच फोटो काढून घ्यायला गेली होती. तिथे दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसलेला. पोलीस निरीक्षकाचं मुख्य काम करणारी नटी आदल्या दिवशी सिनेमा मिळाला म्हणून निघून गेली होती. आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेली माझी नणंद उठली आणि म्हणाली, "मी वाचून दाखवू का?"

"बाई, ही निरीक्षक आहे. धावपळ असते."

"धावायला हाताखालची माणसं असतात. हिला समोरचा खरं बोलतोय की खोटं, ते ओळखता आलं पाहिजे."

तिने वाचलं. वाचून झालं तेव्हा दिवे लावणारा माणूस शिडीवरून उतरून खाली येऊन ऐकत उभा होता, असं मला मागाहून रंगभूषावाल्यानं सांगितलं. ती स्वतः घरी येऊन एवढंच म्हणाली, "वहिनी, मला गणवेश मिळणार आहे."

नवरा म्हणाला, "पण तुला मोबाइलवरून साधा फोटोसुद्धा पाठवता येत नाही!"

"म्हणून तर शिकायला निघाले."

ती खरोखरच शहरातल्या पोलिसांच्या सायबर शाखेत जाऊन बसू लागली. तिला वाटलं होतं, अंधारी खोली असेल, पडद्यांवर हिरवी अक्षरं धावत असतील. तिथे होतं काय, तर एक लोखंडी कपाट, करकरणारा पंखा, आणि बाकावर मान खाली घालून बसलेली माणसं. तिथल्या खऱ्या अधिकारी बाई वयाने हिच्याहून लहान होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, चोर नंतर. आधी या माणसांना वाटणारी लाज दूर करावी लागते. लाजेपायी उशीर करतात, आणि तेवढ्यात चोर पसार होतो."

हे तिने गाठीशी बांधलं. पुढे एका भागात फसवली गेलेली निवृत्त शिक्षिका तक्रार घेऊन येते असा प्रसंग होता. निरीक्षक मॅडमनी तिच्यावर ओरडायचं होतं, 'एवढ्या शिकलेल्या असून फसलात कशा?'

"हे वाक्य मी म्हणणार नाही," नणंद म्हणाली.

लेखक वैतागला. "अहो, लोक हेच म्हणतात!"

"म्हणूनच मी म्हणणार नाही."

बराच वेळ वादावादी झाली. तिला काढून टाकण्यापर्यंत गोष्ट गेली, पण ही जागची हलली नाही. शेवटी दिग्दर्शकच म्हणाला, "करा तुम्हाला हवं तसं." तिने खुर्ची पुढे ओढली, त्या बाईला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुम्ही चूक केली नाहीत. तुमच्याशी कुणीतरी लबाडी केलीय. आता पहिल्यापासून सांगा." टीव्हीवर तो प्रसंग लागला तेव्हा माझा चेष्टेखोर नवरा चष्मा पुसत बसला होता.

पण मालिका काही चालली नाही. समोरच्या वाहिनीवर त्याच वेळी सासू-सुनांचं रणकंदन पेटलेलं. माझी सख्खी बहीणही तिकडे वळली, मग परक्यांना काय बोलायचं! तीन महिन्यांच्या आतच वाहिनीनं मालिकेचा गाशा गुंडाळला. चोराच्या दारावर पोलिसांची थाप पडते, तिथेच शेवटचा भाग संपला. दार कुणी उघडलंच नाही. नणंदेनं गणवेश धुऊन, कडक इस्त्री करून परत केला. मी म्हटलं, "ताई, वाईट वाटतंय?"

"वाटतंय तर. चोर सुटला माझा."

पुढे काही दिवसांनी, दुपारी, पलीकडच्या गल्लीतले शिंपीकाका दारात येऊन उभे राहिले. बोटाला शिवणाचं टोपण तसंच, म्हणजे हातातलं काम टाकून आलेले. म्हणाले, "मॅडम आहेत का?"

नणंद बाहेर आली. काकांना बँकेच्या नावाने फोन आला होता आणि त्यांचं खातं रिकामं झालं होतं. घरात मुलीला सांगितलं नव्हतं, पोलिसांकडे जायचं धाडस नव्हतं.

"काका, मी खोटी पोलीस आहे हो," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. पण त्या शिक्षिकेला तुम्ही रागावला नाहीत."

नणंद म्हणाली, "चला." पायांत चपला अडकवल्या आणि त्यांना घेऊन थेट सायबर शाखेत गेली. काका पटकन आले म्हणून बरीचशी रक्कम मधल्या एका खात्यातच अडवता आली. अधिकारी बाई नणंदेला म्हणाल्या, "आमची पत्रकं वाचून जे लोक येत नाहीत, ते तुमच्या मागे येतील. येत जा इथे."

तशी ती जाऊ लागली. ज्येष्ठांच्या मंडळांत, वाचनालयांत बोलू लागली. बोलण्याची सुरुवात ठरलेली : "मी नटी आहे, पोलीस नाही. म्हणजे खोटं कसं बोलतात ते मला पोलिसांपेक्षा जास्त कळतं." लोक हसतात, आणि मग कुणीतरी मागच्या रांगेतून हळूच हात वर करतं. चित्रीकरणंही चालूच आहेत, परवाच एका मालिकेत तिला वकिलाची मोलकरीण मिळाली.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा तिचं बोलणं ऐकायला गेले. सभागृह भरलेलं, त्यामुळे दाराशीच उभी राहिले. ती बोलायला लागली. ध्वनिक्षेपक मधेच बंद पडला, पण तिने आवाज किंचित चढवला आणि शब्द न् शब्द माझ्यापर्यंत पोचला. शेजारी उभ्या बाईंनी मला विचारलं, "काय आवाज आहे हो! तुम्ही ओळखता यांना?"

"ओळखते म्हणजे? नणंद आहे माझी," मी म्हटलं, आणि ते जरा मोठ्यानेच म्हटलं गेलं. पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं. पाहू देत!