चुलीवरचं धनुष्य

धडगावकडच्या पाड्यांत कमलीबाई पावराची एकच ख्याती: बाई स्वतः खोटं बोलत नाही आणि दुसऱ्याचं पचू देत नाही. असल्या बाईशी संसार म्हणजे खायचं काम नाही, असं तिचा नवरा चैत्या हसत हसत सांगतो. पण त्याच जिभेनं तिच्या लेकीचं भलं केलं.

लेक संध्या. आश्रमशाळेत स्टीफन सरांच्या हाताखाली तिरंदाजी शिकलेली. घरात पणजोबांपासून तीरकामठा, म्हणून नेम जन्मजात. पण राज्याच्या निवड चाचणीत बांबूचा तीरकामठा चालत नाही, फायबरचं धनुष्य लागतं. नवरा-बायकोनं गुजरातेत एक हंगाम ऊस तोडला आणि नंदुरबारच्या दुकानातून ते आणलं. सोबत वर्षभराच्या वॉरंटीचा शिक्क्याचा कागद. चाचणी होळीआधी होती आणि वयाच्या हिशेबानं संध्याचं त्या गटातलं हे शेवटचं वर्ष. हुकली की हुकली!

आता बाईचा पराक्रम ऐका. तीरकामठा चुलीवर टांगायचा, म्हणजे धुरानं बांबूला कीड लागत नाही, हे तिला सासूनं शिकवलेलं. तिनं मोठ्या मायेनं नवं धनुष्यही तिथंच टांगलं. पंधरा दिवसांत त्याच्या पात्याला, म्हणजे वाकणाऱ्या भागाला, चीर गेली. दुकानदार नवनीतभाईंनी काही न विचारता कंपनीकडून बदलून आणलं. सरांना चुलीचं कळलं तेव्हा फायबरला धग सोसत नाही हे त्यांनी समजावलं आणि कमलीबाईनं कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून धनुष्य शाळेच्या कपाटात.

तरी दुसरं धनुष्य खोक्यातून काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी मैदानावर कडाडून मोडलं. तेही बदललं. तिसरं आठ दिवस टिकलं. सरांनी प्रत्येक वेळी तारखेसह फोटो काढून ठेवले. या वेळी मात्र कंपनीचं पत्र आलं: तिन्ही धनुष्यं उष्णतेनं खराब झाली, चूक वापरणाऱ्याची, आणि बदलून दिलेल्या मालाला वॉरंटी नाही.

"मावशी, तो कागद पहिला धनुष्यना व्हता. आते मन्हा हातमा काही नही शे," नवनीतभाई म्हणाले.

"मग कोणाच्या हातात आहे ते सांगा!"

"ग्राहक आयोगमा जाय मंग," ते वैतागून म्हणाले. ते कटकट टाळण्यासाठी बोलले, आणि ही खरंच गेली! वकील लागत नाही, एवढ्या रकमेला फीही नाही, हे सरांनी शोधून काढलं आणि अर्ज लिहून दिला.

सुनावणीला जाताना घाटात जीप हेलकावे खात होती. संध्या कानाशी लागली, "आय, चुलीचं बोलू नको. त्यांना थोडंच माहीत आहे? एका शब्दानं सगळं जाईल."

कमलीबाईच्या मनात घाट उतरेपर्यंत तेच घोळत होतं. तिला भीती वाटत होती. आपलं खरं आपल्यापाशी राहील आणि पोरीचं वर्ष बुडेल, मग त्या खऱ्याला काय चाटायचं?

कंपनीच्या वकिलानं पत्र वाचून दाखवलं. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "उष्णता लागली कुठं?"

"घरातच कुठंतरी, मॅडम."

कमलीबाई उभी राहिली. संध्यानं तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला. "लागली, बाई. पहिल्याला. मीच चुलीवर टांगलं. ती चूक माझी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुसरं नि तिसरं शाळेच्या कपाटात होतं. कपाटात कोण चूल पेटवतं?"

संध्यानं मान खाली घातली. अध्यक्षबाईंनी फोटोंवरच्या तारखा पाहिल्या, पत्र पुन्हा वाचलं. "वकीलसाहेब, दुसरं धनुष्य खोक्यातून निघून एक दिवस झाला होता. उष्णता तुम्ही तपासलीत, की नुसती लिहिलीत? या बाईंनी न विचारता स्वतःची चूक सांगितली. त्यांच्या बाकीच्या बोलण्यावर मी विश्वास का ठेवू नये?"

वकील फोन घेऊन बाहेर गेले ते तासाभरानं परतले. तडजोड करू, सगळे पैसे परत देऊ, जाण्यायेण्याचा खर्चही देऊ, म्हणाले.

"तोंडी नको," कमलीबाई म्हणाली. "शिक्क्याचा कागद द्या."

कागद झाला, पैसे आले, दुसऱ्या कंपनीचं धनुष्य आलं, आणि ते टिकलं. चाचणीला निघताना संध्या म्हणाली, "आय, त्या दिवशी मला तुझा फार राग आला होता."

"मलाही माझा आला होता. जा आता, नेमाकडे बघ."

चौथ्या दिवशी फोन आला. संध्याची निवड झाली होती. कमलीबाई चुलीपुढं बसली होती, वर पणजोबांचा तीरकामठा टांगलेला. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"धूर गेला का डोळ्यांत?" चैत्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली, "रडतेय."