पाचाला पाच

झेलमकाठच्या त्या गावात बरकतबीबीच्या जिभेपेक्षा तिच्या मोजणीला लोक जास्त वचकून असत. कुणाकडून लाडवांचं ताट आलं की ती आधी लाडू मोजायची, मग आणणाऱ्याला बस म्हणायची. जास्त भरले तर याला आता माझ्याकडून काय हवंय, आणि कमी भरले तर माझी किंमत एवढीच का! सून शमीम माहेरून गूळ घेऊन आली, तर त्याचीही चौकशी झालीच.

नातवाच्या लग्नाला समोरच्या हाजराकडून कपड्यांची परडी आली. बरकतनं जोड मोजले. पाच. पुन्हा मोजले. गेल्या साली हाजराच्या नातीच्या लग्नात तिनं स्वतः दिले होते, तेही पाचच.

चाळीस वर्षं या दोन घरांत तिनाचे चार, चाराचे पाच असं एक वर चढवूनच परत जात होतं. तो वरचा एक फेडायला पुढच्या कार्याला जाणं भाग पडे. बरोबरीनं फेड करायची ती संबंध तोडायचे असले तरच.

"अम्मा, नजरचुकीनं झालं असेल," शमीम म्हणाली.

"हाजराकडून? ती मीठसुद्धा मोजून टाकते."

मग संशयाला ऊत आला. ईदच्या मटणाच्या वाट्यात हाडं जास्त गेली का? आपली म्हैस तिच्या चाऱ्यात शिरली का? की या शमीमनंच तिचे कान भरले? लग्नघरात सगळे नाचत होते आणि ही कुढत होती. शेवटी वरात परतल्यावर ती तडक हाजराच्या अंगणात गेली. तिथं रजयांची गाठोडी बांधलेली होती.

"माझं काय चुकलं, ते तोंडावर सांग."

"काही नाही गं," हाजरा म्हणाली. "मुलगा कराचीला नेतोय, कायमचं. माझ्या घरातली लग्नं संपली. सहावा दिला असता तर तू फेडणार कुठं? तुझ्या डोक्यावर ओझं कशाला ठेवून जाऊ?"

बरकतनं आयुष्यभर दुसऱ्याच्या देण्यात खोट शोधली, आणि इथं न दिलेल्यातली माया तिला दिसली नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण राग त्याहून मोठा होता.

"माझं ओझं परस्पर उतरवणारी तू कोण? काढ सहावा."

हाजरानं एक गाठोडं सोडलं आणि निळा जोड काढून दिला. बरकतनं तो काखोटीला मारला.

"आता मला कराचीला यावंच लागेल," ती म्हणाली, आणि तिथंच गाठोड्यावर बसून रडू लागली.