चौकातलं अभिनंदन

आमच्या कोल्हापुरात बोर्ड लावायला कारण लागत नाही. वाढदिवस माणसाचा असो नाहीतर बैलाचा, चौकात फोटोसकट शुभेच्छा झळकणारच. मी या बोर्डांना कायम नावं ठेवत आले. मग एका सकाळी दूध आणायला गेले, तर कोपऱ्यावर माझीच मुलगी दोन वेण्या घालून, माझ्याहून उंच होऊन हसत होती.

तेव्हा ती आठवीत होती आणि गणिताशी तिचं हाडवैर होतं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गणितं घेऊन बसायची आणि मी भाकरी थापता थापता सांगायचे. रोज भांडण व्हायचं. पेन्सिल आपटायची, "पण असं का?" म्हणून माझं डोकं खायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, क्लास लावा. पोरगी म्हणाली, "आई, सहामाहीपर्यंत थांब की. तोवर तुझ्याकडंच करते. न्हाई जमलं तर जाते." मी बरं म्हटलं. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून नुसतं बघून येऊ असं सांगत तिला एका क्लासमध्ये नेलं. त्यांनी चाचणी घेतली आणि म्हणाले, घेतो, कळवा. त्या चाचणीत कुणीच नापास होत नाही, हे मला नंतर समजलं.

हे सगळं मी पेठ वडगावच्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं. भाचीवर त्याचा भारी जीव. परीक्षा दिली आणि घेतो म्हणाले म्हणजे पोरीनं बाजी मारली, असं त्यानं धरून टाकलं. बोर्डावर लिहिलं होतं, 'लाडक्या भाचीची गणिताच्या विशेष वर्गासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुक म्हणून त्याचा आणि त्याच्या मित्रांचे फोटो. त्या मित्रांतल्या एकानंही तिला कधी पाहिलं नव्हतं.

मी फोनवर त्याची खरडपट्टी काढली. तो हिरमुसला. "अक्का, पोरीचं कौतुक केलं तर तुझं काय बिघडलं? बघू दे की चार लोकांनी."

नवऱ्याला म्हटलं, तो बोर्ड आधी उतरवा. ते म्हणाले, "आता कसा उतरवायचा? सगळी गल्ली पेढं मागायला लागलीया. लाव की क्लास. न्हाईतरी लावायचाच हाय."

न्हाईतरी! पोरीनं मागितलेली मुदत त्या एका शब्दात उडाली. मला संताप आला, आणि संताप गिळून मी पेढे वाटले. समोरच्या काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला, "हुशार गं माझी बाय." ती तशीच घरात गेली. मागून मी गेले, तर एवढंच म्हणाली, "तू थांबते म्हणालीस." पुढच्या आठवड्यात तिचा क्लास सुरू झाला.

त्यानंतर आमची भांडणं बंद झाली. "समजलं का?" विचारलं की "व्हय." "दाखव बघू." "झालं सगळं." पेन्सिल आपटणं नाही, "असं का" नाही. सुरुवातीला वाटलं, पोरगी मार्गाला लागली. मग सहामाहीचे गुण आले, ते आधीपेक्षाही खाली. मामा फोनवर म्हणाला, वार्षिकला निघतील की.

मी मनाशी ठरवलं, आता कुणाचं ऐकायचं नाही. ती क्लासला निघाली होती, पायात चप्पल सरकवत होती. म्हटलं, "सोडून दे तो क्लास. परत आपण दोघी बसू." मला वाटलं, गळ्यात पडेल.

"नको, राहू दे," ती म्हणाली.

"अगं, पण तिथलं तुला काही कळतं का?"

"न्हाई." तिनं दप्तर खांद्यावर टाकलं. "पण मी शेवटच्या बाकावर बसते. सर पुढच्यांनाच विचारतात. तू बसलीस की मला येतंय का बघत बसतीस. तिथं कुणी बघत न्हाई."